उष्टा सूर

गिटारच्या तारा आणायला आम्ही दोघं आदिलाबादला गेलो होतो, तिथून सांगते. मे महिना होता, माझ्या शाळेला सुट्टी होती, आणि आमच्याकडचं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको. जिल्हा तेव्हा आंध्रात होता. बाजारहत्नूरहून सकाळच्या बसनं निघून दुकानापर्यंत पोचेस्तोवर जीव कासावीस झाला, तरी मी वाटेतल्या एकाही माठाला हात लावला नाही. घरून नेलेल्या बाटलीतलं गरम पाणीच पीत राहिले. मारोती हसला. मारोती म्हणजे माझा नवरा. नावानं हाक मारते म्हणून सासरी पुष्कळ बोलणी खाल्ली, पण आम्ही एका वर्गात शिकलेलो, जिभेला लागलेलं वळण काही सुटलं नाही.

किळस मला जन्मापासून चिकटलेली आहे. कोणी माझ्यासमोर बोट चाटून पान उलटलं तरी माझं जेवण जातं. मारोती म्हणायचा, फुला, तू देवळाजवळच्या तळ्यात बुडालीस तरी आधी पाणी गाळून घेशील. चेष्टा करायला त्याचं काय जातं. माझ्या आईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदणं केलं, आणि तहान लागली की वरून धरलेल्या लोट्याखाली ओंजळ धरली. म्हणूनच तिच्या स्वतःच्या घरात पाण्याची भांडी राखेनं घासून लखलखीत असायची. मी मास्तरीण झाले तरी ती शिस्त सोडली नाही. आमच्या घरी कोणीही यावं, पाणी प्यावं आणि अजून मागावं, याचा मला मोठा अभिमान होता.

मारोती मंडल ऑफिसात क्लार्क होता आणि ऑफिस सुटलं की गिटारवाला. आमची लहानशी गायन पार्टी होती. मी गायची, मारोती वाजवायचा, आणि ढोलकी-पेटी सांभाळायला त्याचे मामा, रामाजी मामा. मामा निवृत्त हेडमास्तर, चहाचे भोक्ते आणि बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. आमच्यात रीत अशी, की आधी गळा आणि मग वाद्य. मामा पेटीवर काळी चार ही पट्टी धरत, मी त्यात सूर लावी, आणि मारोती माझ्या आवाजाला गिटार जुळवून घेई. वाद्य गाणाऱ्याच्या गळ्यासाठी लावायचं असतं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत.

त्याआधीच्या हिवाळ्यात एका लग्नात नांदेडच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस आम्हाला ऐकून गेला. माझा गळा त्याला आवडला. चाली मात्र सगळ्या सिनेमाच्या, म्हणाला. स्वतःची नवी चाल आणा, कॅसेट काढू. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. कॅसेटच्या वर माझं नाव, आणि नेरडीगोंड्यापासून किनवटपर्यंत गावोगावच्या भोंग्यांतून माझा आवाज. मला ती कॅसेट पाहिजे होती, अगदी मनापासून.

गाण्याचे शब्द माझ्याजवळ तयार होते. कापूस वेचणाऱ्या बायांचं गाणं, माझ्या आईचंच म्हणा ना. अडलं होतं ते चालीपाशी. मारोती रोज बसे, पण त्याच्या हातातून जे निघे ते कुठेतरी ऐकलेलंच असे. मग त्याच्या डोक्यात नवीनच खूळ शिरलं. त्याचं म्हणणं असं, की गिटारच्या सहा तारा ठरलेल्या सुरांत लावलेल्या असतात, म्हणून बोटं ठरलेल्या वाटांनीच जातात. तारा वेगळ्या लावल्या तर बोटांना वाट सापडणार नाही, ती चुकतील, आणि चुकता चुकता नवीन जागी जातील. बोलणं मला पटलं. मी सुद्धा पोरांना गणित उलटं घालून पाहते.

आदिलाबादहून जाड तारांचे दोन संच घेऊन आलो आणि घरात खुंट्या पिळण्याचा सपाटा सुरू झाला. आधी त्यानं सगळ्यात जाड तार तेवढी उतरवली. मग सगळ्या तारा सा आणि प मध्ये लावल्या, तेव्हा बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी गिटार तंबोऱ्यासारखी घुमायला लागली. ते ऐकून मी खरंच खूश झाले. मग त्यानं शेजारच्या दोन तारा इतक्या जवळजवळ लावल्या की त्यांचे सूर एकमेकांना घासत राहिले. रोज काहीतरी नवीन. पण चाल काही गवसेना.

आता घराबद्दल सांगायला पाहिजे. आम्ही बाजारहत्नूरच्या अगदी कडेला भाड्यानं राहत होतो, मागच्या दारातून थेट कपाशीची रानं. घर साधं, दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत कोपऱ्यात एक भला मोठा रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला होता. घरमालक म्हणाला, आधीपासूनच आहे, काढायला गेलं तर फुटेल. राहू द्या. मी तो राहायला आल्या आल्या नारळाच्या शेंडीनं, राखेनं, ब्लीचिंग पावडरनं असा घासला की मारोती म्हणाला, आता ह्याची कातडी सोलून निघेल. उन्हाळ्यात त्यातलं पाणी इतकं गार राही की आमच्या गल्लीतल्या बाया दुपारी मुद्दाम लोटा घेऊन येत.

एका दुपारी मी ज्वारी पाखडत होते. बाहेर चिटपाखरू नव्हतं. मारोती मागच्या खोलीत भिंतीला टेकून जाड तार खाली खाली उतरवत चालला होता. इतकी खाली, की तार लोंबायला लागली आणि गिटारच्या दांडीवरच्या पडद्यांवर फडफडू लागली. आणि एका जागी आल्यावर खोलीतून दुसरा आवाज आला. तारेचा नव्हे. रांजणाचा. त्याच सुरात, लांबवर, पोटातून.

मारोती उडालाच. पुन्हा तार छेडली, पुन्हा रांजणानं हुंकार दिला. मी आत गेले तर तो लहान पोरासारखा हसत होता. भांडं आपल्या सुराला घुमतं, त्यात मला काही नवल वाटलं नाही, घागरीत तोंड घालून कोणीही पाहावं. पण त्यानं लगेच बाकीच्या पाच तारा त्या हुंकाराला जुळवायला घेतल्या. आधी गळा मग वाद्य, ही आमची रीत. त्यानं ती रांजणाला लावली.

तारा लागल्या आणि चाल आली. शोधावी लागली नाही, घ्यावीही लागली नाही, त्याची बोटं नुसती पडत गेली आणि माझे शब्द तिच्यावर जाऊन बसले. खोल, संथ, कधी न ऐकलेली चाल होती ती. मी सूर लावायला तोंड उघडलं तर आवाज माझ्या नेहमीच्या जागेच्या कितीतरी खालून निघाला. इतका भरलेला आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. गाणं संपलं तेव्हा मारोतीच्या डोळ्यांत पाणी होतं.

माझ्या तोंडात पण होतं. तोंड पाण्यानं भरलं होतं, गालांपर्यंत. लाळ असेल म्हणून मी मोरीत थुंकले, तर चांगला अर्धा पेला पाणी पडलं, ओशट, कोमट, आणि त्यात कापसाचे पांढरे तंतू. मी तोंड धुतलं, मीठ लावून दात घासले. ज्वारीचा कचरा तोंडात गेला असेल, असं मी मारोतीला सांगितलं.

त्यानंतर पाणी बिघडलं. पहिल्यांदा नुसतं गारपण गेलं. मे महिन्यात रांजणातलं पाणी अंगाएवढं गरम कशानं होतं, सांगा. मग वर पातळ पापुद्रा यायला लागला, दुधावर येतो तसा. मग वास. तो वास मला कळायला दोन-तीन दिवस लागले, कारण पाण्याला तसा वास कधी येत नसतो. झोपून उठलेल्या माणसाच्या, चूळ न भरलेल्या तोंडाचा वास होता तो. आणि चव… मी घोट घेतला आणि तिथल्या तिथे थुंकला. कोणीतरी आधी तोंडात धरून परत सोडलेलं पाणी होतं ते. उष्टं.

मी रांजण उपसला, घासला, नवीन भरला. दुसऱ्या दिवशी तेच. गल्लीतल्या बाया हळूहळू यायच्या बंद झाल्या. मारोती मात्र तेच पाणी लोटेच्या लोटे पीत होता आणि पाणी छान लागतं म्हणत होता. त्याच्याही तोंडाला तो वास यायला लागला. मी खाट लांब ओढली. नवऱ्याची किळस यावी ही गोष्ट कोणाला सांगताही येत नाही.

मग एका दुपारी मी बाजारातून लवकर परतले आणि मागच्या खोलीत पाहिलं, तर मारोती रांजणाच्या तोंडाशी ओणवा झाला होता. ओठ पाण्याला टेकलेले. मला वाटलं पाणी पितोय. पीत नव्हता. तोंडातलं पाणी हळूहळू, धार न पडू देता, परत रांजणात सोडत होता. मग बाजूला ठेवलेल्या गिटारची तार छेडली, कान लावला, आणि अजून एक चूळ सोडली.

मी किंचाळायचीच बाकी होते. तो शांतपणे म्हणाला, पाणी कमी झालं की रांजणाचा सूर उतरतो, लोट्यानं ओतलं तर एकदम चढतो, तोंडानं कसं बरोबर बेतानं होतं. जणू गिटारची खुंटीच पिळतोय. रोज नवीन भरून इतके दिवस मी काय पीत होते ते मला तेव्हा कळलं आणि मी मागच्या दारात जाऊन सकाळचं सगळं ओकून टाकलं. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते आमच्या लग्नात कधी बोलले नव्हते. पण खरं सांगते, ओकून झाल्यावर मला हायसं वाटलं. वासाचं कारण सापडलं होतं. घाणेरडं होतं, पण कारण होतं.

रांजण पुन्हा घासला. शाळेच्या बोअरिंगचं पाणी आणून भरला, वर लाकडी झाकण ठेवलं आणि झाकणावर दगडी पाटा. मारोतीनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि तो शपथ मोडणारा माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाटा उतरवला. पापुद्रा होता. पाणी कोमट होतं. वास तोच.

मी तेव्हापासून पाण्यासाठी शाळेच्या बोअरिंगवर जायला लागले. पण आता गोष्ट पाण्याची राहिली नव्हती. मी चुलीपाशी पीठ मळत असे, तोंड मिटलेलं, आणि तो आतल्या खोलीत ती जाड तार छेडी. इकडे माझ्या गळ्याची घाटी वर जाई आणि खाली येई. मी काही गिळत नसे. गिळायला तोंडात काही नसे. तरी घसा आपल्या मर्जीनं घोट घेई, आणि काहीतरी बुळबुळीत खाली उतरल्यासारखं वाटे. एकदा खाकरले तर बेडक्यातून कापसाची ओली वात निघाली. मी चिमटीत धरून ओढत राहिले आणि ती येतच राहिली… शेवटी मी ती तोडली. उरलेली आत गेली.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझा स्वतःचा सूर गेला. काळी चार लावायला जावं तर आवाज फाटे, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. त्या खालच्या सुरात मात्र गोड, गच्च भरलेला. म्हणजे गायचं तर तिथूनच गायचं. नांदेडची तारीख ठरली होती.

तालमीला रामाजी मामा आले. ढोलकी जुळवायला बसले तर जुळेना. दोऱ्या कितीही सैल केल्या तरी तो सूर त्याखाली. कातडं लोळागोळा झालं. मग त्यांनी ढोलकी बाजूला ठेवली आणि नुसतं ऐकलं. अर्ध्या गाण्यातच त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावला.

“मारोती,” ते म्हणाले, “सूर कोणाच्या तरी गळ्यासाठी लावतेत ना रे माणसं? हा पंचफुलेचा सूर नाही. तुह्या बी नाही. मंग तू हा कोणासाठी लावून राह्यला?”

मारोती म्हणाला, नवीन चाल आहे मामा, सवय नाही तुम्हाला. मामांनी रांजणाकडे पाहिलं. मी बोअरिंगचं पाणी घासलेल्या पेल्यात भरून त्यांच्यासमोर धरलं, तर त्यांनी मान हलवली. “नको बाई,” म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले. आमच्याच माणसानं माझ्या घरचं पाणी नाकारलं. माझ्या आईनं जन्मभर बाहेर जे सोसलं ते माझ्या उंबऱ्याच्या आत झालं. मी तो पेला हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि मला राग कोणाचा करावा हेही कळेना.

मी मारोतीला सांगितलं, तारा पूर्वीसारख्या लाव. तो म्हणाला, एवढी कॅसेट होऊ दे. मला नाही म्हणवलं नाही. गावोगाव आवाज जाणार होता.

बोथवरून किनवट, किनवटवरून नांदेड असे आम्ही दोघंच गेलो. मी मुद्दाम आदल्या दिवसापासून त्या घरचं काही तोंडात घातलं नव्हतं. स्टुडिओ म्हणजे एका इमारतीतली गोणपाटं लावलेली खोली, मध्ये काच, काचेपलीकडे लक्ष्मणराव नावाचे रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ. बाहेर भर दुपारची वाहतूक चालू होती. आत रांजण नव्हता, पाण्याचं भांडंसुद्धा नव्हतं. मला धीर आला. मारोतीनं तारा तपासल्या, मी डोळे मिटले आणि गायले. इतकं सुंदर मी कधीच गायले नव्हते, हे कबूल करायला पाहिजे.

डोळे उघडले तेव्हा लक्ष्मणराव कानावरची यंत्रं काढून हातात धरून बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कानाला लागणारा स्पंज पुसला. मग पुन्हा पुसला. मग स्वतःचे कान पुसले. काच उघडून ते म्हणाले, “ताई, गाताना मधी मधी पाणी पिऊ नका. सगळं माईकमधी येतंय.”

मी दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे होते.

त्यांनी टेप मागे घेऊन लावली. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीच्या आधी, जिथं गाणारा श्वास घेतो, तिथं श्वास नव्हता. घोट होता. मोठा, भरलेला, घशातून खाली उतरणारा. मग दुसरी ओळ. मग घोट. कोणीतरी खूप तहानेलं, माझ्या तोंडाशी तोंड लावून… मला पुढचं बोलवत नाही. मारोतीचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो आवाज ऐकू आला होता.

“हा गळा माझा नाही, मारोती,” मी म्हणाले. “माझ्या नावावर हा गावात जाणार नाही.”

गिटार त्याच्या हातातून घेतली. खुंट्या ओशट झाल्या होत्या, पदर गुंडाळून पिळाव्या लागल्या. मी माझा सूर तोंडानं धरला, फाटका का होईना, आणि एकेक तार त्याला आणली. जाड तार वर चढायला तयार नव्हती. चढताना तिच्यातून पांढरट पाणी बोटांवर ठिबकलं, लोखंडाच्या तारेतून. मारोतीनं तोंड फिरवलं पण गिटार धरून ठेवली. मग आम्ही तेच गाणं आमच्या जुन्या, साध्या सुरात वाजवलं. आवाज चिरकला, दोनदा अडकला. पण ओळींच्या मध्ये मी श्वास घेतला. लक्ष्मणरावांनी तेही टेप केलं, आणि त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की ह्यात काही राम नाही.

मला त्याचं काही वाटलं नाही. येताना बसमध्ये मी मारोतीच्या शेजारी बसले, त्याच्या तोंडाचा वास येत नव्हता. घरी आल्यावर त्यानं स्वतः रांजणात दगड आणि माती भरली. घर सोडेपर्यंत ती माती वरून कधी वाळली नाही, पायाला ओली लागायची. पावसाळ्याच्या तोंडाशी माझी बदली इंद्रवेल्लीला झाली आणि आम्ही सुटलो. थंडी पडेपर्यंत माझा गळा परत आला. मी शाळेत प्रार्थना म्हणायला लागले, मामा येऊन पेटीवर काळी चार धरून गेले, दोन पेले पाणी प्यायले आणि तिसरा मागितला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

कॅसेट निघाली तेव्हा कंपनीनं आम्हाला कळवलंही नाही. मला कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात, नेरडीगोंड्याच्या एका लग्नात. माझ्याच शाळेतल्या रेणुकाबाईंच्या भाचीचं लग्न होतं, आम्ही दोघी बरोबर गेलो होतो. लग्न लागून झालं होतं. पंगती बसायच्या होत्या, पत्रावळी नुसत्या मांडून ठेवल्या होत्या, पाणी वाढणारे अजून आले नव्हते. मांडवात तीनेकशे माणूस उकाड्यानं कावलेलं बसलं होतं. भोंग्यावर एक गाणं संपलं, कॅसेट बदलल्याचा खडखडाट झाला, आणि मग ती जाड तार वाजली.

पहिलंच टेपिंग त्यांनी घेतलं होतं, ते पुसून टाका म्हणायचं माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नव्हतं. ते घेणारच, तेच चांगलं होतं. मी ओठ दाबून घोटाची वाट पाहिली. पहिली ओळ संपली. काही नाही. दुसरी ओळ सुरू झाली. पुढेही नाही. सगळं गाणं स्वच्छ होतं, घोट एकही नाही, लक्ष्मणरावांनी काढून टाकले असतील. मी इतका वेळ धरलेला श्वास सोडला. मांडवातला कालवा थांबला होता. बाया, म्हातारे, मांडीवरची पोरं, सगळे भोंग्याकडे तोंड करून ऐकत होते. गावोगाव माझा आवाज जावा असं मला वाटायचं, तो गेला होता.

गाणं संपलं. टाळी वाजली नाही. मांडवातल्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी हाताच्या पंज्यानं तोंड पुसलं. म्हाताऱ्यांनी मिशा पुसल्या. आयांनी पोरांच्या हनुवट्या पुसल्या. स्टेजवर नवरीनं मेंदीचा हात ओठांवरून फिरवला आणि तो साडीला पुसला. कोणी अजून पाण्याचा पेलाही उचलला नव्हता.

रेणुकाबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या ओठांवर पातळ पापुद्रा होता. चूळ न भरलेल्या तोंडाचा तो वास माझ्या नाकात शिरला, आणि मग कळलं की तो एकट्या त्यांच्या तोंडातून येत नव्हता, सगळ्या मांडवातून येत होता.

“बाई, तुमचं गाणं अजून एकदा लावाले सांगा ना…” त्या म्हणाल्या. “लय तहान लागून राह्यली.”

कॅसेटवाल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो आधीच टेप मागे घेत होता.